पादांशिक क्रम : पथ्य अंगवळणी पाडण्याचा विचार

माझ्या चिकित्सालयातील टेबलाच्या खणात अनेक वर्षे एक छापील कागद असे. 'प्रमेह : पथ्यापथ्य' असे त्याचे शीर्षक होते व त्याखाली बावीस सूचना होत्या. पहाटे उठावे येथपासून दिवसा झोपू नये येथपर्यंत सर्व काही त्यात आलेले होते. त्यातील एकही सूचना शास्त्राला सोडून नव्हती. हा कागद रुग्णाच्या हाती द्यावयाचा, 'हे सर्व पाळा' असे बजावावयाचे आणि औषधाच्या पुड्या बांधावयास घ्यावयाच्या, असा माझा शिरस्ता होता. आपल्यापैकी बहुतेकांच्या खणात असा एखादा कागद असतो. प्रस्तुत लेखाचे निमित्त तो कागदच आहे.

मार्च २०२२ मध्ये आमच्या तालुक्याच्या गावातील एक किराणा दुकानदार प्रथम माझ्याकडे आले. वय ५१, स्थूल देह, प्रमेहाचे निदान होऊन सहा वर्षे झालेली. मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड ही आधुनिक औषधे चालू, तरी एचबीएवनसी ९.४. सर्व गाव त्यांना अण्णा म्हणते, मीही अण्णाच म्हणते. त्यांची इच्छा निराळीच होती. "मॅडम, साखर कमी करा असं मी म्हणत नाही," ते म्हणाले, "मला एकदा आळंदीपासून पंढरपूरपर्यंत चालत जायचंय. आमच्या आईनं अकरा वाऱ्या केल्या. मी एक तरी करावी असं तिच्या मनात होतं." आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे २५० किलोमीटर. अण्णा त्या वेळी दुकानापासून घरापर्यंतही मोटारसायकलवर जात असत.

रुग्णाला स्वतःचे असे ध्येय आहे हे पाहून मला आनंद झाला. इतका निश्चयी रुग्ण क्वचितच मिळतो, असे मानून मी बावीस सूचनांचा कागद त्यांच्या हाती दिला व वर आणखी तीन सूचना पेनाने लिहिल्या. अण्णांनी त्याच रात्री तो कागद गल्ल्यामागे चिकटविला. दुसऱ्या दिवशी ते पाचला उठले, तासभर चालले. चहा बंद, भात बंद, गोड बंद, दुपारची झोप बंद. हे नऊ दिवस चालले. दिवसाला आठ कप चहा पिणाऱ्या माणसाचा चहा एकाएकी सुटल्यामुळे डोके धरले, कोठा बिघडला, गिऱ्हाइकांवर चिडचीड होऊ लागली. सहा वर्षे न चाललेले पाय रोज तासभर चालल्याने घोटे सुजले. दहाव्या दिवशी त्यांनी चहा घेतला. अकराव्या दिवशी घरात श्रीखंड होते. बाराव्या दिवशी कागद गल्ल्यामागून निघाला.

त्यानंतर सात महिने अण्णा माझ्याकडे फिरकले नाहीत. बाजारात दिसले तरी नजर चुकवीत. ऑक्टोबरमध्ये आले ते पायाच्या अंगठ्याला झालेली, भरून न येणारी जखम दाखविण्यासाठी. तेव्हा एचबीएवनसी १०.१ होते. "तुमच्याकडं कोणत्या तोंडानं येऊ?" हे त्यांचे पहिले वाक्य. जखम दोन महिन्यांत भरली व बोट वाचले, म्हणून हे आज शांतपणे लिहिता येते. परंतु पथ्य मोडल्याच्या लाजेने रुग्णाने सात महिने वैद्याचे दार टाळावे, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्यांची लाज माझ्या कागदाने उत्पन्न केली होती. आपण पाठ्य इतके देतो की ते मोडणारच, आणि मोडले की दोष रुग्णाच्या पदरी घालतो.

सात्म्य म्हणजेच सवय

सवय हा विषय आपल्या शास्त्रात 'सात्म्य' या संज्ञेखाली आलेला आहे, त्यातही 'ओकसात्म्य' या प्रकारात. सातत्याने सेवन केल्यामुळे जे शरीरास उपकारक किंवा निदान निरुपद्रवी होऊन बसते ते ओकसात्म्य, असा त्याचा आशय सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायाच्या शेवटी येतो. येथे एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. सात्म्य झालेली वस्तू हितकर असेलच असे नाही. विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात पिंपळी, क्षार व लवण यांच्या अतिसेवनाचे दोष सांगताना आचार्यांनी क्षाराचे अतिसेवन करणाऱ्या पूर्वेकडील व चीन देशांतील लोकांचे आणि दुधातही मीठ घालून घेणाऱ्या बाल्हीक, सौराष्ट्र, सिंधु, सौवीर या प्रदेशांतील लोकांचे उदाहरण दिले आहे. त्या लोकांना ते पदार्थ सात्म्य झाले आहेत, तरीही त्यांचे दुष्परिणाम त्यांना भोगावे लागतात. मग उपाय काय? येथे आचार्य 'सोडून द्या' असे म्हणत नाहीत. त्या सात्म्यापासून क्रमाक्रमाने दूर जाणे श्रेयस्कर, कारण क्रमाने मागे घेतलेले सात्म्य दोष करीत नाही किंवा अल्पच दोष करते, असे ते सांगतात.

सवय वाईट असली तरी शरीराने तिच्याभोवती आपली घडी बसविलेली असते. अग्नी, मलप्रवृत्ती, निद्रा, मनाची वृत्ती ही सर्व त्या सवयीला धरून चालतात. ती एकाएकी काढली तर घडीच विसकटते. अण्णांची डोकेदुखी व मलावष्टंभ हे त्याचेच दृश्य रूप होते. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील अन्नरक्षाध्यायात वाग्भटाचार्यांनी याच्याही पुढे जाऊन सांगितले आहे की अपथ्य एकदम सोडले तरी विकार होतो आणि पथ्य एकदम धरले तरीही विकार होतो. या विधानाचा उत्तरार्ध आपण सहसा विसरतो. चांगली गोष्टही अवेळी व अतिमात्रेत धरली तर ती रुग्णाला असात्म्यच असते. ऋतुसंधीच्या काळात मागील ऋतूची चर्या हळूहळू सोडून पुढील ऋतूची हळूहळू धरावी, हा उपदेशही याच विचारातून आलेला आहे.

येथे एक विसंगती नमूद करणे भाग आहे. वमन किंवा विरेचन झाल्यावर आपण रुग्णाला पेया, विलेपी, यूष असा संसर्जनक्रम देतो. प्रवर शुद्धी झाली असेल तर सात दिवस व बारा अन्नकाल मोजतो. लहानशा अग्नीवर आरंभी गवत व गोवरीचा चुराच घालावा, एकदम ओंडका ठेवू नये, हा दृष्टान्त आपल्यापैकी प्रत्येकाने परीक्षेत लिहिलेला आहे. शोधन झालेल्याला पहिल्याच दिवशी पुरणपोळी खा, असे कोणी वैद्य सांगणार नाही. मात्र ज्याचा निश्चय नुकताच पेटू लागला आहे, त्याच्यावर आपण बावीस ओंडके ठेवतो.

क्रमाचे स्वरूप

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या, म्हणजे नवेगान्धारणीय अध्यायात, वेगधारण व व्यायाम यांच्या विवेचनानंतर हा क्रम येतो. सवयीचे झालेले अहित क्रमाने सोडावे, हित क्रमाने सेवन करावे आणि हा क्रम 'पादांशिक' असावा. एक पाद म्हणजे चतुर्थांश अहित कमी करावयाचे व तितकेच हित त्या जागी घालावयाचे. त्यानंतर एक, दोन, तीन असे अंतर वाढवीत पुढील पाद घ्यावयाचे. वाग्भटाचार्य चतुर्थांशाबरोबरच पादाचाही पाद, म्हणजे षोडशांश, असा पर्याय देतात. दुर्बल किंवा भित्र्या रुग्णासाठी हा पर्याय मोठा उपयोगी आहे.

दिवसांच्या गणनेविषयी टीकाकारांची मते निरनिराळी आहेत. तो वाद मी येथे उकरून काढीत नाही. व्यवहारात मी घेतलेला अर्थ असा : पहिला पाद एक कालखंड टिकवावा, दुसरा दोन, तिसरा तीन, आणि मग पूर्णावर यावे. संहितेत हा क्रम आहाराच्या संदर्भात व दिवसांच्या मापाने येतो. दीर्घकालीन व्याधीत आणि आजच्या दिनक्रमात मला दिवसाऐवजी आठवडा हे माप अधिक सोयीचे वाटले. हे माझे अनुभवातून बसविलेले माप आहे, ग्रंथोक्त नव्हे. वाचकांनी ते तसेच समजावे.

या क्रमात दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली, वजाबाकी व बेरीज बरोबरीने चालतात. काढलेला पाद रिकामा ठेवावयाचा नाही. चहाचा कप काढला तर त्या वेळी माणसाने काय करावे याचे उत्तर वैद्याकडे तयार हवे, अन्यथा ती रिकामी जागा जुनी सवयच पुन्हा भरून काढते. दुसरी गोष्ट म्हणजे वाढते अंतर. पहिले पाऊल सोपे म्हणून लवकर स्थिर होते. पुढचे पाऊल जसे अवघड तसा त्याला मुरण्यास अधिक अवधी. आपण नेमके उलट करतो. पहिल्या आठवड्यात रुग्ण उत्साहात असतो म्हणून त्यावर भार टाकतो आणि पुढे लक्षही देत नाही. क्रमाने गेलेले दोष पुन्हा उद्भवत नाहीत व क्रमाने आलेले गुण डळमळत नाहीत, अशी या क्रमाची फलश्रुती आचार्यांनी सांगितली आहे.

आधुनिक निरीक्षणे

सवय २१ दिवसांत लागते, असे वाक्य आज सर्वत्र ऐकू येते. रुग्णही ते आपल्याला ऐकवितात. त्याचे मूळ शोधू गेल्यास मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन शल्यचिकित्सकाच्या १९६० सालच्या 'सायको-सायबरनेटिक्स' या पुस्तकापाशी आपण पोहोचतो. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना नव्या रूपाशी जुळवून घेण्यास निदान २१ दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यातील 'निदान' हा शब्द पुढे गळून पडला आणि चेहऱ्याची गोष्ट सवयीला लावली गेली.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेला अभ्यास अधिक विश्वसनीय आहे. त्यात ९६ जणांनी खाण्याची, पिण्याची किंवा व्यायामाची एकेकच साधी कृती निवडली व दिवसातील ठरावीक प्रसंगाला जोडून ती बारा आठवडे केली. कृती विनासायास, आपोआप होण्याच्या जवळजवळ पूर्ण टप्प्यावर येण्यास लागलेला काळ १८ ते २५४ दिवस इतका भिन्न होता. मध्यांक ६६ दिवसांचा. व्यायामाला खाण्यापिण्यापेक्षा अधिक काळ लागला. एखादा दिवस चुकला तर सवयीच्या घडणीवर विशेष परिणाम झाला नाही, हेही त्यात दिसून आले. ही शेवटची गोष्ट मी प्रत्येक रुग्णाला आवर्जून सांगते, कारण आपल्याकडे व्रत मोडले की सर्वच मोडले अशी भावना खोल रुजलेली आहे.

आपल्याकडे हे सर्व आधीच होते, असे म्हणण्याचा मोह अशा ठिकाणी होतो. तो आवरावा. आचार्यांनी क्रम सांगितला, मध्यांक काढला नाही. लंडनच्या अभ्यासकांनी काळ मोजला, परंतु अहित काढून त्या जागी हित घालण्याचा विचार त्यांच्या प्रश्नात नव्हता. दोन्ही वाचून रुग्णाला उपयोग होतो, इतके मला पुरे आहे.

अण्णांचा दुसरा प्रयत्न

जानेवारी २०२३ मध्ये जखम पूर्ण भरल्यावर आम्ही पुन्हा आरंभ केला. या वेळी मी कागद दिला नाही. केसपेपरवर एकच ओळ लिहिली : 'चहातील साखर.' कप आठच राहू दिले. प्रत्येक कपात दोन चमचे, म्हणजे दिवसाला सोळा चमचे, अदमासे ८० ग्रॅम साखर केवळ चहातून जात होती. प्रत्येक कपातून अर्धा चमचा, म्हणजे बरोबर एक पाद, कमी केला. चहा घरातून थर्मासमध्ये येत असल्याने वहिनींना बोलावून चमचा दाखवून दिला, कारण अण्णांच्या सवयीचा अर्धा भाग वहिनींच्या हाताच्या सवयीत होता. हे पहिल्या वेळी माझ्या ध्यानातच आले नव्हते. दीड चमचा एक आठवडा, एक चमचा दोन आठवडे, अर्धा चमचा तीन आठवडे. साखरेच्या जागी क्रमाने सुंठ व थोडी वेलची वाढवीत नेली. सातव्या आठवड्यात बिनसाखरेचा चहा सुरू झाला. आता कोणी गोड चहा दिला तर अण्णा कप बाजूला सारतात. तोंडाला मिठी बसते म्हणतात.

साखर स्थिर झाल्यावरच चालणे घेतले. लक्ष्य रोज एक तास. त्याचा पाद पंधरा मिनिटे. आता ही पंधरा मिनिटे दिवसात कोठे बसवावयाची? 'सकाळी चालावे' या सूचनेत वेळ आहे, प्रसंग नाही. अण्णा रोज पहाटे मोटारसायकलवरून दूध आणावयास जात. दूध आणणे हे वीस वर्षे न चुकलेले काम. ते पायी करावे इतकेच सांगितले. जाऊन येऊन पंधरा-सोळा मिनिटे होत. दुसऱ्या पादाला दुधाचा रस्ता लांबविला, तिसऱ्याला देवळाचा फेरा जोडला. व्यायाम अर्धशक्तीने करावा, कपाळ, नाक व सांधे यांवर घाम येऊन तोंड कोरडे पडू लागले की थांबावे, हे मोजमापाचे सोपे साधन त्यांना शिकविले. हातात घड्याळ नसतानाही ते चालते.

आपल्या शास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर बहुतेक पथ्योपदेश 'धृती'वर उभा असतो. मनाला आवर घाला, निश्चय करा, हे सर्व धृतीचे काम. शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात धी, धृती व स्मृती या तिघींच्या भ्रंशातून प्रज्ञापराध सांगितला आहे. सवयीच्या बाबतीत माझा अनुभव असा की धृती फार लवकर थकते. दिवसभर दुकान सांभाळून आलेल्या माणसाकडे रात्री ती शिल्लक नसते. स्मृतीवर भार टाकला तर धृतीची गरज कमी पडते. दुधाची किटली हातात आली की पाय चालू लागतात, तेथे निश्चय करावा लागत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ साली हीच गोष्ट 'अमुक प्रसंग आला की मी तमुक करीन' अशा वाक्याच्या स्वरूपात मांडली. रुग्णाकडून असे एक वाक्य स्वतःच्या तोंडाने म्हणवून घ्यावे. आपण सांगितलेले वाक्य तो विसरतो.

माझी दुसरी चूकही येथेच सांगितली पाहिजे. एप्रिलच्या अखेरीस अण्णा एके पहाटे देवळाच्या फेऱ्यात घामाघूम झाले, हात कापू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. सुदैवाने पुजाऱ्यांनी खडीसाखर दिली. आहारातील साखर गेली, चालणे वाढले, परंतु ग्लिमेपिराइड जुन्याच मात्रेत चालू होते. पथ्याचा क्रम ठरविताना त्यांच्या आधुनिक डॉक्टरांना कळविणे माझे काम होते. मी ते केले नव्हते. त्याच दिवशी दूरध्वनी केला. त्यांनी तपासण्या करून मात्रा निम्मी केली. सवय बदलणे हीही चिकित्साच आहे व तिची मात्रा औषधाशी जुळवावी लागते, हे मी त्या दिवशी शिकले.

दिवाळीत चार दिवस सर्व सुटले. पूर्वी हे चार दिवस सात महिन्यांचे झाले होते. या वेळी अण्णा पाचव्या दिवशी स्वतः आले व म्हणाले, "चुकलं, पण पाडव्यानंतर परत दूध पायी आणलं." आम्ही एक पाद मागे जाऊन पुन्हा आरंभ केला. डिसेंबरमध्ये एचबीएवनसी ७.३ आले.

स्वतःवरील प्रयोग

वैद्याने स्वतः न घेतलेले पथ्य दुसऱ्याला देऊ नये, असा काही नियम नाही, परंतु घेऊन पाहिल्यास अक्कल येते. चरकसंहिता चक्रपाणि टीकेसह आद्यन्त वाचावी, अशी माझी महाविद्यालयापासूनची इच्छा होती. पदवीनंतरच्या वीस-बावीस वर्षांत मी हा संकल्प बहुधा प्रत्येक गुरुपौर्णिमेला केला असेल. दर वेळी रोज एक अध्याय असा बेत, आणि दर वेळी सूत्रस्थानाच्या चौथ्या-पाचव्या अध्यायाशी गाडी अडलेली. माझ्या प्रतीची पहिली साठ पाने हाताळून मळली आहेत व पुढची कोरी, हे पाहून एकदा माझी मुलगीच हसली.

अण्णांबरोबर मीही क्रम धरला. रुग्ण येण्यापूर्वी मी रोज दिवा लावते. दिवा लागला की पुस्तक उघडावयाचे, हा प्रसंग ठरविला. तासाचा पाद पंधरा मिनिटे मला अधिक वाटली, म्हणून पादपाद घेतला : चार मिनिटे. चार मिनिटांत मूळ व टीका मिळून कधी पाच ओळी होत, कधी दोन. पहिले काही आठवडे हे हास्यास्पद वाटले. त्यानंतर चार मिनिटांनी पुस्तक मिटणे जड जाऊ लागले, तरी मिटले. वाढ क्रमानेच केली. नवेगान्धारणीय अध्याय मी पूर्ण टीकेसह प्रथम वाचला तो या क्रमात, चाळिशी उलटल्यावर. परीक्षेसाठी पाठ केलेल्या पादांशिक क्रमाचा अर्थ तेव्हा कळला. एकशेवीस अध्यायांपैकी आज मी चिकित्सास्थानाच्या मध्यावर आहे. मध्यंतरी सासूबाईंच्या आजारपणात दोन महिने खंड पडला. तेव्हा पुन्हा चार मिनिटांवरून आरंभ केला.

मर्यादा

हा क्रम सर्वत्र लावू नये. माझ्याकडे मिश्री लावणाऱ्या स्त्रिया पुष्कळ येतात. एका मावशींना मी दिवसातील चार वेळांपैकी एक वेळ कमी करण्यास सांगितले. त्यांनी प्रामाणिकपणे एक वेळ कमी केली व उरलेल्या तीन वेळा दुप्पट लावू लागल्या. "चिमटीला माप न्हाई, बाई," असे त्यांनी नंतर हसून सांगितले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका इंग्लिश चाचणीत ६९७ धूम्रपान करणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ठरलेल्या दिवशी एकदम व निम्म्यांनी दोन आठवड्यांत क्रमाने विडीकाडी सोडली. चार आठवड्यांनी एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के व क्रमाने सोडणाऱ्यांपैकी सुमारे ३९ टक्के अलिप्त राहिले होते. तंबाखूच्या बाबतीत त्यामुळे मी आता पादांशिक क्रमाचा आग्रह धरीत नाही. दिवस ठरवून एकदम सोडवावयाचे आणि हिताची बाजू मात्र क्रमाने वाढवावयाची, असा मार्ग घेते. त्या मावशींनी नागपंचमीचा दिवस निवडला. तोंडात लवंग धरण्याची सवय मात्र आठ दिवस आधीपासून लावून घेतली होती.

मद्याचे प्रकरण याहून निराळे व धोक्याचे. दीर्घकाळ अतिमद्यपान करणाऱ्याने घरच्या घरी एकाएकी मद्य सोडल्यास आक्षेप व बुद्धिभ्रम होऊन प्राणावर बेतू शकते. खंड पाडून पुन्हा एकदम अतिमद्य घेणाऱ्याला ध्वंसक व विक्षय होतात, असे मदात्ययाच्या अध्यायात आले आहेच. अशा रुग्णाला चहाप्रमाणे पाद मोजून देत बसू नये, रुग्णालयात पाठवावे. तसेच रुग्णाने हा क्रम ऐकून स्वतःच्या आधुनिक औषधांचे पाद करू नयेत, हेही स्पष्ट सांगावे. आमच्याकडे एका गृहस्थांनी रक्तदाबाच्या गोळीचे चार तुकडे करावयास घेतले होते.

उलट दिशेची एक मर्यादाही सांगते. सात्म्य करणे हेच नेहमी इष्ट नसते. शोधनापूर्वीचा स्नेह सात दिवसांनंतर सात्म्य होतो व मग दोषांना उत्क्लेशित करण्याचे त्याचे कार्य होत नाही, म्हणून आपण तेथे थांबतो. कोणती गोष्ट अंगवळणी पडावी व कोणती पडू नये, हे 'धी'चे काम आहे. ते वैद्याने आधी करावे, क्रम नंतर.

केसपेपरवरील नोंद

बावीस सूचनांचा कागद मी फाडलेला नाही. तो आता माझ्यासाठी आहे, रुग्णासाठी नाही. रुग्णाशी बोलून त्यातील सर्वात सोपी, किंवा जिच्यामुळे इतर तीन-चार आपोआप सुटतील अशी, एक सूचना निवडते. केसपेपरच्या उजव्या कोपऱ्यात ती सूचना, तिला जोडलेला रोजचा प्रसंग, किती पाद झाले व घरातील कोणाची मदत आहे, एवढे लिहिते. पुढील भेटीत औषधाआधी त्या कोपऱ्याविषयी विचारते. 'पथ्य पाळता का?' असा प्रश्न विचारीत नाही, कारण त्याचे उत्तर नेहमी 'हो' असते. 'गेल्या आठवड्यात कोणत्या दिवशी जमले नाही?' असे विचारते. या प्रश्नात जमले नसणार हे गृहीत असल्याने रुग्णाला खोटे बोलावे लागत नाही. यासाठी प्रत्येक रुग्णामागे तीन-चार मिनिटे अधिक लागतात. गर्दीच्या दिवशी ती मिळत नाहीत, हेही खरे.

अण्णांनी जुलै २०२४ मध्ये फलटण येथे माउलींच्या पालखीत प्रवेश केला व तेथून पंढरपूरपर्यंत पायी गेले. आळंदीपासून चालणे त्यांना जमले नाही. पायाच्या जुन्या जखमेमुळे मीच परवानगी दिली नव्हती. रोज मुक्कामी पाय धुऊन, तळवे तपासून, तेल लावल्याचा निरोप वहिनी मला पाठवीत. परत आल्यावर त्यांनी दिवे घाटाचा विषय काढला. त्यांच्या केसपेपरच्या कोपऱ्यात सध्या 'दुपारची झोप' आहे, दुसरा पाद चालू आहे.